झोपेच्या आजाराला रकाना नव्हता

माझं वय चाळिशीच्या आसपास होतं तेव्हा एका सकाळी चहा देताना बायको मला म्हणाली, "तुमी झोपेत मरता नी परत येता."

मी हसलो. घोरण्याबद्दलची तिची तक्रार जुनी होती, पण हे नवीन होतं.

"हसू नका. घोरता घोरता मधीच गप होता. श्वास नाय, काय नाय. मी मोजत बसते. मग एकदम हुंदका दिल्यासारखा आवाज करता नी परत सुरू."

"मग मी गप असतो तेवढ्यात तू झोपून घे गो," मी म्हटलं.

ती हसली नाही. कप उचलून आत गेली.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. आम्ही महाडला एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. माझं मूळ घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. वाडीतल्या बहुतेक घरांतला एक ना एक माणूस मुंबईला असे, आणि मागे राहिलेले भात, नाचणी आणि गुरं सांभाळत. मला दोन्ही जमलं नाही. मी गाडी चालवायला शिकलो, प्रवासी गाडीचा बॅज काढला, आणि पुढे एक जुनी जीप घेऊन तिला काळा-पिवळा रंग दिला. जीपने मला बरे दिवस दाखवले. तालुक्यात माणसं मला नावापेक्षा गाडीवरून जास्त ओळखत.

बायको सांगायची ते मी कधी मनावर घेतलं नाही. आमच्या वाडीत घोरणं म्हणजे चेष्टेचा विषय. कुणाच्या लग्नाला गेलो की मला अंगणाच्या पार टोकाला अंथरूण मिळायचं आणि सकाळी लोक विचारायचे, "रातभर कुणाची गाडी घाट चढत होती रे?" मीही त्यांच्यात हसायचो. पण घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको आधी भिंतीकडे तोंड करून झोपायची, मग स्वयंपाकघरात झोपू लागली. दोन खोल्यांच्या घरात त्याचा उपयोग होत नाही. दिवसा तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं. मुलगा मुंबईला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, सुनेचं बाळंतपण आलं आणि ती तिकडे गेली. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. नातीच्या बारशाला मी जाऊन आलो, तेव्हा ती ताजीतवानी दिसत होती. बारा वर्षांपूर्वी दिसायची तशी. मी विचारलं, "कधी येतेस?" ती म्हणाली, "बघू, पोर जरा मान धरू दे."

पोर मान धरायला लागली, बसायला लागली, चालायला लागली. बायको गणपतीला आणि शिमग्याला यायची आणि परत जायची. आमच्यात भांडण असं कधीच झालं नाही. मी महाडला एकटा झोपू लागलो, एवढंच. आता माझा श्वास थांबला तर मोजायलाही कोणी नव्हतं.

त्या सुमारास माझ्या जीपला शिक्षकांची बांधीव फेरी होती. महाडला राहणारे पाच शिक्षक पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या शाळांवर होते. एस.टी. वेळेवर मिळायची नाही, म्हणून त्यांनी माझी जीप महिन्याच्या बोलीवर ठरवली होती. सकाळी साडेआठला मी त्यांना घ्यायचो, एकेकाला आपापल्या शाळेच्या वाटेवर सोडायचो, शेवटच्या शाळेपाशी फणसाखाली जीप लावायचो आणि संध्याकाळी सगळ्यांना गोळा करत परतायचो. मधले पाच-सहा तास मी जीपमध्ये झोपायचो. रात्रभर झोपलेला माणूस दिवसाही पाच तास झोपतो, आणि तरी उठल्यावर डोकं दगडासारखं जड. मला वाटायचं, वय झालं. जेवता जेवता माझ्या हातातला घास ताटात पडायचा. न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचो. एका दशक्रियेच्या वेळी नदीवर उभ्या उभ्या डोळा लागला आणि मी शेजारच्यावर कोसळलो. तेव्हापासून स्टँडवर कुजबूज सुरू झाली की हा पितो. मी आयुष्यात कधी दारूला शिवलो नाही. पण पीत नाही हे सांगत फिरणारा माणूस लोकांना जास्तच पिणारा वाटतो, म्हणून मी गप्प राहिलो.

पाच शिक्षकांत एक बाई होत्या. मूळच्या देशावरच्या, चाळिशीच्या, बोलायला कमी. त्या नेहमी पुढच्या सीटवर माझ्या डाव्या हाताला बसायच्या आणि वह्या तपासायच्या. मला 'दादा' म्हणायच्या.

तो ऑक्टोबर होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि आम्ही दुपारी बाराच्या उन्हात खाली उतरायला लागलो. खाली दरीत भात पिवळं झालेलं, वारा नाही. मला आठवतं ते एवढंच: समोर उतार होता, डावीकडे डोंगराचा कापलेला भाग, उजवीकडे दरी. त्यानंतरचं जे आठवतं ते म्हणजे "दादा! दादा!" अशी हाक आणि स्टिअरिंगवर माझ्या हातांच्या मध्ये आलेला एक बांगड्यांचा हात. बाईंनी स्टिअरिंग स्वतःकडे ओढलं होतं. जीपचं डावं चाक डोंगराकडच्या गटारात उतरलं, गाडी खरडत गेली आणि कलून थांबली. मी ब्रेक दाबला, पण तो दाबायची गरज उरली नव्हती.

मागे चौघे गुरुजी एकमेकांवर पडले होते. एकांचा चष्मा फुटला, दुसऱ्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही झालं नाही.

"काय झालं हो?" मागून कोणीतरी ओरडलं.

"म्हैस," मी म्हणालो. तोंडाला पहिलं जे आलं ते. "म्हैस आडवी आली."

सगळे खाली उतरून रस्त्याकडे बघू लागले. रस्ता वर-खाली मोकळा पडला होता. तेव्हा बाई म्हणाल्या, "हो, मी पाहिली. दरीकडे उतरली ती."

चौघांनी मिळून जीप गटारातून बाहेर ढकलली. पोलादपूरपर्यंत मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणली, आणि पुढे हमरस्त्यावरही मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वाट देत राहिलो. महाडला एकेक जण उतरत गेला. बाईंचं घर शेवटी होतं. त्यांच्या दारापाशी मी जीप थांबवली, पण त्या लगेच उतरल्या नाहीत. वह्यांचा गठ्ठा मांडीवर तसाच होता.

"बाई, मी दारू नाही घेत," मी म्हणालो.

"माहीत आहे. घेत असता तर रोज शेजारी बसून मला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "दादा, तुमचे डोळे उघडे होते. मी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही समोर बघत होता आणि तुम्ही झोपला होता."

दरी बघून वाटली नव्हती ती भीती मला हे ऐकून वाटली.

"मी आज खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "परत बोलणार नाही. डॉक्टरकडे जाऊन या. त्याआधी मी तुमच्या गाडीत बसणार नाही, आणि का बसत नाही ते बाकीच्यांनी विचारलं तर सांगेन."

त्या उतरून गेल्या. रविवारचा सगळा दिवस मी खोलीत बसून काढला. झोपायची भीती वाटत होती आणि बसल्या जागी झोप येत होती. सोमवारची फेरी मी स्टँडवरच्या माझ्या एका जोडीदार ड्रायव्हरला दिली आणि डॉक्टरकडे गेलो.

हे डॉक्टर म्हातारे होते. माझ्या वडिलांनाही त्यांनी औषध दिलेलं, त्यामुळे मला अरे-तुरे करायचे. मी सगळं सांगितलं, म्हैससुद्धा. त्यांनी नाडी बघितली, घशात बॅटरी मारली, आणि मग शिंप्यासारखी टेप काढून माझी मान मोजली. मला हसू आलं.

"हसतोस काय? शर्टाचं वरचं बटण लागतं का तुला?"

"बरीच वर्षं नाही लागत."

"तुझ्याजवळ कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"बायको?"

"मुंबईला असते. मुलाकडे."

"मग तू झोपेत काय करतोस हे मला सांगणार कोण? तुला तर ते कधीच कळणार नाही."

मुलाच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. डॉक्टरांनी तो त्यांच्या टेबलावरच्या फोनवरून लावायला सांगितला. शेजारीण बायकोला बोलवायला गेली तेवढा वेळ डॉक्टर रिसीव्हर कानाला धरून माझ्याकडे बघत राहिले. मग ते विचारत गेले आणि ती सांगेल ते मोठ्याने म्हणत कागदावर लिहीत गेले. "श्वास थांबतो... बरं... मोजता तुम्ही? कितीपर्यंत?... मग हुंदका... हात-पाय झाडतो... सकाळी डोकं दुखतं म्हणतो... हं... किती वर्षं झाली याला?" ती पलीकडे बराच वेळ बोलत होती. माझ्याच झोपेची हकिगत मी पहिल्यांदा पूर्ण ऐकत होतो, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. आठ वर्षं ती माझ्या उशाशी जागी होती हे मला त्या टेबलाशी बसून कळलं.

शेवटी डॉक्टरांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मी सांगत होते नी तुमाला," ती म्हणाली. "तुमी हसायचा."

"हां."

"हितं आल्यापासून मी झोपते. पण अजून मधीच जाग येते. तुमचा श्वास ऐकायला उठते नी मग कळतं, तुमी हितं नाय."

मी म्हटलं, "ठेवतो. डॉक्टरांचं बिल वाढेल."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मान जाड झालेल्या माणसाला झोप लागली की घशातलं मऊ मांस सैल पडतं आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदू घाबरतो आणि माणसाला उठवतो. "रात्रभर तू असा उठत असतोस. तुला आठवत नाही एवढंच. तू झोपतोस असं तुला वाटतं, पण तू झोपतच नाहीस. वर्षानुवर्षं झोपलेला नाहीस तू." मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात याची तपासणी होते, रात्री लावायचं एक मशीन मिळतं, असं ते म्हणाले. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मी उठता उठता खिशातून दुसरा कागद काढला. पुढच्या महिन्यात माझं लायसन नव्याने करायचं होतं. प्रवासी गाडीचा बॅज असला की दर तीन वर्षांनी ते करावं लागे आणि डॉक्टरच्या सहीचा तंदुरुस्तीचा फॉर्म जोडावा लागे. आधी दोनदा याच डॉक्टरांनी तो सही करून दिला होता.

त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला. "मी सही करणार नाही."

"डॉक्टर, माझं पोट आहे त्याच्यावर."

"माहीत आहे. तुझ्या जीपमध्ये माझा पुतण्या बसतो, माझ्या कंपाउंडरची आई बसते. बरा हो, मशीन लाव, मग ये. त्या दिवशी मी उभा राहून सही करीन. आता हवी असेल तर गावात करून देणारे आहेत. तू गेलास तर मी अडवणार नाही, आणि कुणाला सांगणारही नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. अडवणारा असला की त्याच्यावर रागावता येतं.

त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी होती त्या दिवशी जोडीदार ड्रायव्हरला स्टँडवर सांगितलं तर तो म्हणाला, "येडा काय तू? घोरणं ह्यो काय रोग हाय? माझा बाप घोरून घोरून नव्वदीला गेला. चल, मी सही आणून देतो." तो मला एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "डोळे चांगले आहेत?" मी "हो" म्हटलं. सही झाली, शिक्का बसला. बाहेर सांगितलेला चहा यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

फॉर्म खिशात घालून मी जीप स्टँडवर नंबराला लावली. पोलादपूरची फेरी होती. माणसं भरायला वेळ लागतो, म्हणून मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जीपमध्ये बसलेली माणसं केव्हाच उतरून पुढच्या गाड्यांनी गेली होती. जोडीदारही गेला होता. मागच्या बाकावर फक्त एक म्हातारी राहिली होती, आमच्याच वाडीची, पायाशी बाजाराचं बोचकं घेऊन. ती शांत बसून होती.

"झाली काय रे झोप?" ती म्हणाली. "चल मग."

"आजी, तू का नाय गेलीस दुसऱ्या गाडीनं?"

"तू हायस नी. वाडीची गाडी सोडून दुसरीला कशाला जाऊ?"

मी चावी हातात घेतली होती. ती मी परत खिशात टाकली. खाली उतरून तिचं बोचकं घेतलं आणि तिला म्हटलं, "ही गाडी आज जात नाय आजी. बिघडलीय." तिला हाताला धरून मी पुढच्या जीपमध्ये बसवलं आणि त्या ड्रायव्हरला तिला वाडीच्या फाट्यावर नीट उतरवायला सांगितलं. नंतर खिशातला फॉर्म काढून फाडला. फाडताना मला काही मोठं केल्यासारखं वाटलं नाही. भीती वाटत होती, आणि भूक लागली होती.

जीप चाळीमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री घालून ठेवली. त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात एकटे महिने. ड्रायव्हरचा सगळा संसार रस्त्यावर असतो हे मला तेव्हा समजलं. हॉटेलवाला, पंपावरचा माणूस, फाट्यावर हात करणारी पोरं, हे सगळे गाडीला ओळखत होते. पायी चालणाऱ्या मला कोणी हाक मारत नसे. स्टँडवर गेलो की गप्पा थांबायच्या. 'लायसन गेलं' ही बातमी पसरली होती आणि का गेलं हे प्रत्येकाने आपापलं ठरवून टाकलं होतं. शिक्षकांची फेरी जोडीदाराकडे गेली ती गेलीच. रस्त्यात बाई एकदा भेटल्या. "गेलात ना डॉक्टरकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गेलो. मुंबईला जायचंय." त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मला बरं वाटलं."

मार्चमध्ये मुंबईला मुलाच्या खोलीत आठ दिवस राहिलो. हॉस्पिटलात एका रात्री माझ्या डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवल्या आणि झोपायला सांगितलं. अशात झोप कशी येणार असं मला वाटलं, पण मी पाच मिनिटांत झोपलो. सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदाची लांब पट्टी दाखवली. वर-खाली जाणाऱ्या रेघा, आणि मध्ये मध्ये सपाट. "हे सपाट दिसतं ना, तिथे तुमचा श्वास बंद आहे," त्या म्हणाल्या. सपाट जागा इतक्या होत्या की मी मोजायचं सोडून दिलं. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. "हेच," ती म्हणाली. "हेच मी मोजायची."

मशीनची सोय मुलाने केली. कशी केली ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. बुटाच्या खोक्याएवढं यंत्र, त्यातून निघालेली जाड नळी, आणि नाकावर पट्ट्यांनी बांधायचा मुखवटा. त्यातून वारा येऊन घसा उघडा ठेवतो. पहिल्या रात्री मला गुदमरल्यासारखं झालं, दोनदा मुखवटा ओढून काढला. तिसऱ्यांदा बांधला आणि पुढचं मला ठाऊक नाही. सकाळी जाग आली तर खिडकीतून उजेड येत होता आणि डोकं हलकं होतं. इतकं हलकं की मी हाताने चाचपून पाहिलं. मला स्वप्न पडलं होतं. कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. स्वप्नात विशेष काही नव्हतं, वाडीवरचा बैल दावं तोडून नाचणीत शिरला होता आणि मी त्याच्यामागे धावत होतो. पण ते आठवून मी अंथरुणात बसल्या बसल्या रडलो.

बायकोचे डोळे मात्र सुजलेले होते.

"काय झालं गो? झोपली नाहीस?"

"आवाज नव्हता," ती म्हणाली. "तीनदा उठून तुमच्या छातीवर हात ठेवून बघितला."

ती माझ्याबरोबर महाडला आली, मशीन कुठे ठेवायचं ते लावून दिलं, पंधरा दिवस राहिली. त्या पंधरा दिवसांत आम्ही एका खोलीत झोपलो. मला वाटलं, आता झालं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती पिशवी भरत होती तेव्हा मी म्हटलं, "आता तर घोरत नाय मी."

"नाय," ती म्हणाली. साडीची घडी करत राहिली. मग म्हणाली, "जूनमधे पोरीची बालवाडी सुरू व्हायचीय. सून कामावर जाते. नेणार-आणणार कोण?"

ते खरं होतं. तिथे तिच्या शेजारणी होत्या, नळावरच्या मैत्रिणी होत्या, नात होती. माझ्या घोरण्याने ती गेली असं मी समजून चाललो होतो, म्हणून घोरणं थांबल्यावर ती येईल असंही समजून चाललो होतो. पण मधल्या काळात तिने तिकडे एक आयुष्य मांडलं होतं आणि त्यात तिची काही चूक नव्हती. मी तिला एस.टी.त बसवून आलो आणि घरी येऊन मुखवटा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळत घातला. रोज धुवायला सांगितलं होतं.

चाळीत गंमत झाली. कोणीतरी खिडकीतून मला मुखवट्यात पाहिलं आणि बातमी गेली की ह्याला ऑक्सिजन लावलाय. दोन दिवसांत माणसं केळी घेऊन भेटायला आली. वाडीवरून चुलतभाऊ उतरला आणि माझा हात हातात घेऊन बसला. मी ठणठणीत आहे हे पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. तेवढ्या दोन दिवसांत मात्र घर भरलेलं होतं, आणि खरं सांगतो, मी केळी परत पाठवली नाहीत.

खरा त्रास विजेचा होता. भारनियमन सुरू होतं. वीज गेली की मशीन बंद पडे आणि मी धडपडून उठे. शेवटी मी ताडपत्री बाजूला सारून जीपची बॅटरी काढली, उचलून खोलीत आणली आणि मुलाने पाठवलेल्या लहान इन्व्हर्टरला जोडली. मला रस्त्यावर नेता येत नाही तर निदान झोपव, असं काहीबाही मी त्या बॅटरीशी बोललोसुद्धा. एकट्या माणसाला अशी सवय लागते. सकाळी मी गांधारी नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो, जेवणातला भात अर्ध्यावर आणला होता, आणि हळूहळू शर्टाचं वरचं बटण लागू लागलं.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुंबईचे कागद वाचले, मान पुन्हा मोजली, दुपारी झोप येते का, जेवताना येते का, बसून वाचताना येते का, असं खोदून खोदून विचारलं. मग खरंच खुर्चीतून उठले आणि उभ्याने सही केली. "मशीन एक रात्र चुकलं तर दुसऱ्या दिवशी गाडी नाही. आणि वर्षभर घाट नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. त्यांनी फॉर्मबरोबर स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्रही दिलं.

लायसनसाठी परिवहन खात्याचा कॅम्प महाडला लागायचा. रांगेत माझा नंबर आला. साहेब तरुण होते, चष्म्यातून कागद पटापट बघत होते. फॉर्ममध्ये फिट येते का, चक्कर येते का, रंग ओळखता येतात का, असे प्रश्न होते. मी म्हटलं, "साहेब, मला झोपेचा आजार आहे."

मागे रांगेत हशा पिकला. "तो सगळ्यांनाच आहे," कोणीतरी म्हणालं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. फॉर्मवर बोट फिरवत खालपर्यंत आले. "याला रकाना नाही इथे," ते म्हणाले. "हे पत्र तुमच्याकडे मागितलं कुणी?"

"कुणी नाही."

"मग दिलंत का? नुसत्या फॉर्मवर झालं असतं की."

फणसाखालची जीप, बाईंचा हात, बोचकं घेऊन बसलेली म्हातारी, हे त्या टेबलाशी सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पत्र फॉर्मला टाचणीने लावलं आणि शिक्का मारला. "राहू दे फाइलमध्ये," ते म्हणाले. "पुढचा."

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन बाईंच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, मे महिन्यात त्यांची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली, सामान गेलं. पत्ता कुणाकडे नव्हता. शाळेत विचारता आला असता, पण एका ड्रायव्हरने बाईमाणसाचा पत्ता काढत फिरावं हे बरं दिसलं नसतं. पेढे मी शेजारच्या पोरांना वाटले. माझ्या हातांमध्ये आलेल्या त्या हाताबद्दल मी त्यांना एकदाही 'उपकार झाले' म्हणालो नाही. म्हैस होती असंच चौघे गुरुजी आजही समजत असतील.

मोठा घाट नको म्हणून मी महाड-नाते-पाचाड अशी फेरी धरली. बाजाराला येणारी माणसं, रायगड बघायला आलेले लोक, कॉलेजची मुलं. सुरुवातीला स्टँडवरचे लोक माझ्या गाडीत बसायला बिचकायचे. मग सवय झाली. मशीन मी आपणहून आजवर एकाही रात्री चुकवलेलं नाही, आणि दोनदा वीज आणि खोलीतली बॅटरी दोन्ही गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी जीप काढली नाही. कारण विचारलं तर सांगतो. लोक हसतात, मी हसू देतो.

परतीच्या दुपारच्या फेरीला पाचाडहून निघालं की पहिल्या दोन वळणांत बोलणी बंद होतात. गड उतरून दमलेली माणसं, उन्हात भाताचं काम करून आलेल्या बायका, एकेक मान कलायला लागते. नाते येईपर्यंत सगळी जीप झोपलेली असते, कोणी घोरतही असतं. मी आरशात बघतो. हॉर्न वाजवत नाही, खड्डा आला तर गिअर खाली घेऊन सावकाश काढतो. त्या गाडीत जागा असा मी एकटाच असतो, आणि महाड येईपर्यंत मी कुणाला उठवत नाही.